फक्कीची रेघ

सरळ रेषेचा इतका तिटकारा असलेला आणि तीच रेषा इतकी अचूक ओढू शकणारा दुसरा माणूस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसावा. हा माणूस माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठे. उभी हयात ते जिनपुऱ्यातल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होते. शाफ्ट केसभर वाकडा झाला तरी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. जिन बंद पडलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आता आपण उरलेलं आयुष्य वाकडं चालणार. आणि ते चाललेही. पिठाची गिरणी घरासमोर असताना ते दळण घेऊन तीन गल्ल्यांचा फेरा घालत. का, असं विचारलं तर म्हणत, "सरळ गेलं त भेटते कोण?"

माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे दिली, ही माझीच चूक. मांडवात मधोमध लिंबाचं एक झुडूप होतं. ते उपटायच्या ऐवजी त्यांनी पाटांची रांगच त्याच्याभोवती अशी फिरवली की वाढपी वरण घेऊन निघाला की नवरदेवाच्या मामापाशी दोनदा पोचायचा. मामा बिचारे दोन्ही वेळा नको म्हणत आणि दोन्ही वेळा घेत. व्याह्यांनी पुढं कित्येक वर्षं त्या पंगतीची आठवण काढली, आणि रागानं नव्हे.

दुसरी खोड बियांची. चिंचोके, निंबोळ्या, जांभळाच्या बिया, कुणाच्या घरी खाल्लेल्या आंब्याची कोय, सगळं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जायचं. धुणं भिजवताना मेहुणीला एकदा खिशात कोंब फुटलेला चिंचोका सापडला. तिनं तो त्यांच्यासमोर धरून विचारलं, "आता ह्याले सदऱ्यासकट लावू का?" यांनी तो ओंजळीत घेतला आणि सायकल काढली. सायकलच्या मागं पाण्याची कॅन कायम बांधलेली असे. सायकल जायची ती बंद जिनाच्या मैदानावर.

तेव्हाचा जिनपुरा आजच्या पोरांना सांगून पटायचा नाही. शेडचे पत्रे लोकांनी कधीच काढून नेले होते, भिंती पडल्या होत्या, आणि माणसाच्या डोक्याच्या वर वेडी बाभूळ माजली होती. गावातला कचरा तिथं, डुकरं तिथं. त्या मोहल्ल्यात मुलगी द्यायला लोक कचरत. त्या काट्यांत साडू एकटेच घुसायचे, आणि आत काय करतात हे विचारायची आम्हाला कुणालाच गरज वाटली नाही. डोक्यावर परिणाम झालाय, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं.

मग त्या जागेवर वाचनालयाची नवी इमारत आणि भोवती मोठं उद्यान करायचं ठरलं. मी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेलो, ठेकेदारानं मला देखरेखीला ठेवलं. जागेची पाहणी करून नकाशा माझ्याच हातून गेला, आणि माझा पहिला गुन्हा तिथला. मी आत गेलोच नाही. नवे बूट होते, काटे होते. फाटकाशी उभा राहून मी कागदावर मधोमध लिहिलं, 'काटेरी झुडपे', आणि नागपूरच्या आर्किटेक्ट बाईंकडे पाठवून दिलं. जागा मोकळी समजून त्यांनी मधोमध एक सरळ, लांबट इमारत काढली.

बाभूळ साफ झाली आणि आतून सतरा झाडं निघाली. कडुनिंब, जांभूळ, चिंच, आंबा. सगळी चांगली उंच, बुंध्याला व्यवस्थित आळी केलेली. साडू प्रत्येकाला नावानं ओळखत. मधल्या कडुनिंबाचं नाव उस्ताद. साडूंना फिटरचं काम शिकवणारा म्हातारा त्याच जागी बसून जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा. बायकोला, नातवंडांना अरे-तुरे करणारे साडू उस्तादला मात्र अहो-जाहो करत. "तुमचं काय म्हणणं हाये यंदा? पाणी कमी पडून राह्यलं का?" हे मी या कानांनी ऐकलं आहे.

इमारत नेमकी उस्तादवर येत होती. साडू माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, जे झाड नकाशात नाही, ते झाडच नाही." बोललो आणि स्वतःच्या बोलण्यावर खूषही झालो.

पायाची आखणी फक्कीनं करतात. पांढऱ्या भुकटीच्या रेघा, आणि त्या रेघांवर खोदकाम. संध्याकाळी मी रेघा मारून घेतल्या. सकाळी खोदायच्या आधी त्या फिरून मोजून पाहायच्या, हा नियम मी नोकरीत कधी मोडला नव्हता. पण त्या दिवशी राळेगावकडे एका मित्राच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवरीच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांच्यापुढं नियम टिकला नाही. मिस्त्रीला सांगितलं, रेघा पाहा आणि खोदा.

मिस्त्रीनं तंतोतंत तेच केलं. फक्त रेघा माझ्या नव्हत्या. पहाटे साडूंनी खराटा घेऊन माझ्या रेघा पुसल्या होत्या, दोरी आणि खुंट्या लावून नव्या ओढल्या होत्या. पोटभर रोडगे खाऊन मी परतलो तेव्हा पाया उस्तादला वळसा घालून, विळ्यासारखा वाकून खोदला गेला होता. साडू खराट्यावर हात टेकून उभे होते.

मी सगळ्या मजुरांसमोर ओरडलो. म्हणालो, तुम्ही वेडे आहात, या मैदानावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. त्यांनी खराटा सायकलला बांधला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट बाई आल्या. खड्ड्याच्या काठानं फिरल्या, उस्तादखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. त्यांनी विचारलं, "हे कोणी वळवलं? फार सुंदर आहे. ही झाडं मला नकाशात दिसलीच नव्हती." माझ्या तोंडून निघालं, "मीच जरा वळवलं." एवढंच. त्यांनी सगळी चित्रं नव्यानं काढली. उस्तादसाठी मध्ये अंगण ठेवलं, बाकीच्या झाडांमधून पायवाटा नेल्या. आज लोक लांबून ते वाचनालय पाहायला येतात. जिनपुऱ्यात आता भाड्यानं खोली मिळत नाही. संध्याकाळी बाया तिथं फिरतात, पोरं अभ्यास करतात, आणि फाटकावरच्या पाटीवर 'आखणी' या शब्दापुढं माझं नाव आहे.

उद्यान उघडून पाच वर्षं झाली. साडू रोज येतात आणि कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसतात. पाय बाहेर सोडून, मान आत वळवून. लोकांना ही त्यांची आणखी एक तऱ्हा वाटते. खरं कारण मला एकट्याला माहीत होतं.

मागच्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर भेटायला गेलो तर ते घरी नव्हते, भिंतीवर होते. मीही शेजारी बसलो, पाय बाहेर सोडून, आणि या वयात जेवढं नीट सांगता येईल तेवढं सगळं सांगितलं. बूट, रोडगे, पाटी.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "तुमी तवा माहं नाव घेतलं असतं, त त्याहिनं पाया बुजवून सरळ केला असता. फिटरनं वळवलं त चूक होते, साडूभाऊ. साहेबानं वळवलं म्हून वळण झालं."

"मग पाच वर्षं आत काहून नाही आले?"

"तुमी 'या' म्हणलं कुठी?"

पाटी बदलावी म्हणून मी रीतसर अर्ज दिला आहे. ती बदलेपर्यंत हा मजकूर हीच पाटी समजावी. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "या, साडूभाऊ."

त्यांनी चपला काढून भिंतीवर ठेवल्या. एक पाय उचलून आत घेतला, मग दुसरा, आणि खाली उतरले. समोर फरसबंद पायवाट होती. ती सोडून ते गवतातून तिरपे निघाले, प्रत्येक झाडाला हात लावत, उस्तादच्या दिशेनं. चौकीदारानं शिट्टी फुंकली. मी जन्मभराचा नियमाचा माणूस, पण थांबलो नाही. ते जिथून वळले तिथून वळत त्यांच्या मागं गेलो. उस्तादपाशी पोचल्यावर त्यांनी बुंध्यावर तळवा टेकवला आणि हळूच म्हणाले, "उशीर झाला जरासा. साडूभाऊले घेऊन आलो."