भोक न पाडता बसवलेली दुर्बीण

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहारीनला, मनामाच्या नईम भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मालक बहारिनी, आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो. मुख्य काम लाँचच्या इंजिनांचं. पण अरबाबांकडे शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचा परवाना होता आणि थंडी जवळ आली की तीही कामं यायची. ती माझ्या वाट्याला येत, कारण आमच्या रत्नागिरीकडच्या घरात डुकरांपासून शेत राखायला लायसन्सची ठासणीची बंदूक होती, हे मी एकदा बोलता बोलता सांगून बसलो होतो. ठासणीच्या बंदुकीचा आणि बोल्टच्या रायफलीचा तसा काही संबंध नाही. पण अरबाबांना तेवढं पुरलं.

अशाच एका थंडीच्या तोंडावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. त्यांना सगळे हाजी म्हणत. तरुणपणी ते गलबतावर नाखवा होते, खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी छान बोलत. मी कोकणातला म्हटल्यावर त्यांनी रत्नागिरीचा किल्ला समुद्रातून कसा दिसतो ते मला सांगितलं. मी तो समुद्रातून कधी पाहिलाच नव्हता.

त्यांच्या हातात जुनी विलायती रायफल होती. थोरल्या भावाची. दोघे भाऊ दर हिवाळ्यात मिळून शिकारीला जायचे. भाऊ वारले आणि पाठोपाठ हाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतर लांबचं दिसू लागलं, पण नेम धरायला गेलं की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक खुंट, अंधूक व्हायची. मागची खाच, पुढची माशी आणि समोरचा ससा, तिन्ही एका ओळीत दिसेनात. दोन हिवाळे ते घरातून हललेच नव्हते.

मुलगा इंग्लंडला इंजिनिअर होऊन नुकताच परत आला होता. त्यानं बापासाठी तिकडून दुर्बीण आणली होती, रायफलीवर बसवायची. दुर्बिणीतून नेमाची खूण आणि सावज एकाच ठिकाणी दिसतात, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. प्रश्न होता तो माउंटचा, म्हणजे दुर्बीण रायफलीवर घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी बैठकीचा. नव्या रायफलींना त्यासाठी कारखान्यातूनच भोकं पाडलेली येतात. हिला नव्हती.

"हिला भोक पाडायचं नाही," हाजी म्हणाले.

मुलगा म्हणाला की भोकाशिवाय दुर्बीण बसणार नाही, तो चौकशी करून आलाय. मग बापलेक अरबीत हळू आवाजात बराच वेळ बोलले. मला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की भांडण दुर्बिणीचं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, रायफल माझ्याकडे राहू द्या, बघतो.

मी ती उघडून बाकावर ठेवली. सगळ्यात सोपं म्हणजे वरून ड्रिल मारून आटे पाडायचे. बैठक पक्की झाली असती, पण एकदा पाडलेलं भोक परत बुजत नाही. दुसरा मार्ग, पुढे नळीवर बैठक बसवायची. पण मुलानं आणलेली दुर्बीण डोळ्यापासून जेमतेम चार बोटांवर लागायची. तिकडे पुढे बसवली असती तर हाजींना तिच्यात नुसता नाण्याएवढा उजेड दिसला असता. तिसरा मार्ग सापडायला मला दोन दिवस लागले. मागची खाच ज्या खिळीवर बसली होती ती खीळ काढता येत होती आणि तिचं भोक मुळातच होतं. डाव्या अंगालाही एक छोटा स्क्रू कारखान्याचाच होता. या दोन जागा धरून बैठक बसली तर रायफलीला काहीच करावं लागणार नव्हतं.

अरबाबांच्या कॅटलॉगमध्ये नेमकी तशी बैठक निघाली. ती इंग्लंडहून मागवायचं मुलानं अंगावर घेतलं, जरी त्याला ती पसंत नव्हती. त्याला वाटत होतं की मी म्हाताऱ्याची समजूत काढतोय.

बैठक आली ती बसेना. जुन्या रायफली एका मापाच्या नसतात. हिची डावी भिंत किंचित फुगीर होती आणि बैठक तिच्यावर डुगडुगायची. मी भिंतीला निळा रंग लावायचो, बैठक टेकवायचो, जिथे निळं उठेल तिथे कानशीनं घासायचो. घासायची ती बैठक, रायफल नाही. असं करत करत ती चहूकडून टेकली. मागची खाच आणि खीळ एका डबीत घालून हाजींना दिली, म्हणजे वाटेल तेव्हा परत बसवता येईल.

शुक्रवारी दक्षिणेकडच्या वाळवंटात आम्ही ती तपासायला गेलो. तुपाचा रिकामा डबा लांब ठेवला. पहिल्या गोळ्या मी झाडल्या, त्या डब्याच्या आसपास पडल्या. मग त्या उजवीकडे सरकायला लागल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त. मी बैठक हातानं हलवून पाहिली. सैल झाली होती.

मुलगा म्हणाला, "आता तरी ड्रिल मारा."

हाजी वाळूत बसून होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तुला काय वाटतं? मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

मी सांगितलं की ड्रिल मारणं सोपं आहे आणि पक्कंही आहे, मुलगा चुकीचं बोलत नाही. पण ही बैठक सैल का झाली ते मला अजून कळलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय मी ड्रिलला हात लावणार नाही. एक आठवडा द्या.

"दिला," हाजी म्हणाले.

दोन दिवसांनी ऑफिस सुटल्यावर मुलगा एकटाच वर्कशॉपमध्ये आला. मग म्हणाला की चुलते वारले तेव्हा त्याची परीक्षा होती आणि तो आला नाही. वडिलांनी त्याबद्दल कधी शब्दही काढला नव्हता. त्याला वाटलं होतं, दुर्बीण आणली की वडील पुन्हा बाहेर पडतील. मी त्याला बॅटरी धरायला सांगितली आणि आम्ही दोघे त्या डाव्या स्क्रूकडे वाकलो.

दोष तिथेच होता. बैठकीबरोबर आलेला स्क्रू एका आट्यानं लांब होता. तो आत जाऊन तळाला टेकायचा आणि हाताला वाटायचं की घट्ट झाला, पण बैठकीला तो आवळतच नव्हता. मी टोक घासलं. यावेळी आवळताना बैठक भिंतीला चिकटली, ते हाताला कळलं. मुलानं स्वतः स्क्रूड्रायव्हरवर जोर लावून पाहिला. ड्रिलचं नाव त्यानं परत काढलं नाही.

पुढच्या शुक्रवारी हाजी झोपून नेम धरू लागले तर नवीनच अडचण. दुर्बीण उंच बसलेली, त्यामुळे दस्त्यावर गाल टेकेना आणि मान ताणून डोळा हलत राहायचा. मुलानं डोक्यावरचा गुत्रा, तो चौकडीचा रुमाल, काढला, घडी घालून दस्त्यावर ठेवला आणि वडिलांचा गाल हातानं त्यावर टेकवला. एक घडी जास्त झाली, ती काढली. मग स्वतः वाळूत आडवा होऊन त्यांच्या डोळ्याची रेघ बाजूनं पाहिली.

"दिसतंय?" त्यानं विचारलं.

गोळी सुटली आणि डबा उलटला. पुढच्याही गोळ्या त्यातच गेल्या. बैठक सरकली तर कळावं म्हणून मी तिच्यावरून रायफलीवर पेन्सिलीनं ओढलेली बारीक रेघ पाहिली. जागची हलली नव्हती. हाजी उठून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या डब्यावरचं चित्रसुद्धा दिसतंय." मग त्यांनी मुलाला आपल्या जागी झोपवलं, त्याचे कोपर नीट केले आणि श्वास कुठे थांबवायचा ते शिकवलं. मुलाच्या गोळ्या कुठल्या कुठे गेल्या. हाजी हसत होते. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

त्या घडीच्या उंचीची कातड्याची गादी मनामाच्याच गुदैबिया भागातल्या एका चांभाराकडून शिवून घेतली. जानेवारीत दोघे बापलेक शिकारीला गेले, आणि परत आल्यावर मुलगा अरबाबांकडे ससा देऊन गेला. हाजींनी मारलेला की त्यानं, ते त्यानं सांगितलं नाही.

पुढे जुन्या रायफली घेऊन बरेच लोक येऊ लागले. प्रत्येकाला मी आधी हेच विचारायचो की मूळची भोकं कुठे आहेत. कित्येकांच्या रायफलींना ड्रिल मारावंही लागलं, ते मी मारलं. अरबाबांनी त्या कामासाठी वेगळा बाक दिला, करार वाढवला आणि माझ्या बायकोच्या व्हिसासाठी सही केली. गुदैबियात आम्ही एक खोली घेतली. बायको आली त्या आठवड्यात हाजींच्या घरून खजुराची मोठी पाटी आली. मुलगा पोचवायला आला होता. चहा पिताना त्यानं बायकोला मोडक्या हिंदीत सांगितलं की वडील म्हणतात, यंदा हिवाळ्यात आम्ही वाळवंटात तंबू टाकू, तिथे तुम्ही दोघांनीही यायचं.

आम्ही गेलो.