चिलखती गाडीवरची सूचना

अश्लेषा जगदाळे आणि मी नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात एकाच वर्गात डच शिकलो. दोघीही नवऱ्यांच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. माझं डच सुपरमार्केट आणि डॉक्टरांपुरतं राहिलं. तिने मात्र शेवटपर्यंतच्या परीक्षा दिल्या, कारण तिला नोकरी हवी होती आणि तीही स्वतःच्याच कामाची. चिंचवडला असताना ती एका ट्रकच्या कारखान्यात मेकॅनिकांसाठी दुरुस्तीची पुस्तकं लिहायची. इथे आल्यावर तिला पुष्कळ नकार आले. निहार, तिचा नवरा, म्हणायचा, "थोडं थांब, घाई काय आहे?" ती थांबली नाही. शेवटी आइंडहोवनजवळच्या एका लहानशा कंपनीने तिला त्याच कामावर घेतलं.

ही कंपनी लष्करी चिलखती गाड्यांमध्ये आग विझवणारी यंत्रणा बसवते. आत ज्वाळा दिसली की पापणी लवायच्या आत बाटल्यांमधला गॅस सुटतो आणि बसलेले सैनिक वाचतात. पण गाडी दुरुस्तीला काढली की ही यंत्रणा आधी बंद करावी लागते. वेल्डिंगची ठिणगीही तिला आगच वाटते.

कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे आखातातल्या एका छोट्या देशाचं सैन्य. देशाचं नाव अश्लेषाने मला कधी सांगितलं नाही. करारात तशी अट होती. सैन्य कसं आहे, ते मात्र सांगितलं. एक रणगाड्यांची ब्रिगेड, एक चिलखती गाड्यांतून जाणाऱ्या पायदळाची, थोडा तोफखाना आणि राजवाड्याचे रक्षक. रणगाडे अमेरिकेचे, तोफा दुसऱ्याच देशाच्या, आणि चिलखती गाड्या एके काळी डच सैन्याने वापरलेल्या. पैशांची ददात नव्हती, माणसांची होती. गाड्या जास्त आणि त्या चालवणारे कमी. त्यामुळे अधिकारी तिथले, प्रशिक्षक इंग्रज, आणि वर्कशॉपमधले मेकॅनिक बहुतेक पाकिस्तानातल्या बलुचिस्तान आणि पंजाबातून सैन्यात भरती केलेले.

गेल्या वर्षी त्या वर्कशॉपमध्ये अपघात झाला. मुराद नावाचा मेकॅनिक गाडीच्या आत ग्राइंडर चालवत असताना गॅसची बाटली सुटली. गॅसच्या झोताने तो आदळला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं आणि डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. कंपनीने चौकशी केली. यंत्रणा ठीक होती. स्विचच्या शेजारी लाल पट्टीवर अरबी आणि इंग्रजीत 'काम सुरू करण्यापूर्वी बंद करा' असं ठळक लिहिलेलं होतं. निष्कर्ष निघाला, की मेकॅनिकने सूचना पाळली नाही.

लाल पट्टीवरचा मजकूर अश्लेषाचा होता. ती तिच्या वरिष्ठाकडे, येरूनकडे गेली.

"त्या माणसाशी कोणी बोललं का?" तिने विचारलं.

"त्यांच्या अधिकाऱ्यांशी बोललो. चौकशी संपली, अश्लेषा. सूचना होती, त्याने वाचली नाही. हा आपला प्रश्न नाही."

"बाटली आपली आहे. सूचना माझी आहे. मला त्याला भेटायचंय."

उरलेल्या गाड्या तपासायला कंपनीचे दोघे इंजिनिअर तिकडे जायचेच होते. पुस्तक लिहिणारीचं तिथे काय काम, असं येरूनचं म्हणणं. पण यंत्रणेच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर अश्लेषाची सही लागायची. ती शांतपणे म्हणाली, "मग मी सही करणार नाही." येरून चिडला. कामावरून काढलं जाईल अशी भीती तिलाही होती. निहारलाही तिने ती बोलून दाखवली. पण शब्द मागे घेतला नाही. आठवडाभराने येरूनने तिचं तिकीट काढलं.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना तिची मुलगी ऋजुता डचमध्ये म्हणाली, "पण आई, शेवटी हे युद्धाचंच सामान ना?"

"हो," अश्लेषा मराठीत म्हणाली. "माझं काम एवढंच, की आतला माणूस जळू नये."

"आणि बाहेरचा?"

अश्लेषा उठून ताटं गोळा करू लागली. तो प्रश्न अजूनही सुटलेला नाही, असं ती मला म्हणाली. पण त्या प्रश्नापायी मुरादला न भेटता राहणंही तिला पटेना.

वर्कशॉप म्हणजे वाळवंटाच्या कडेला एक अफाट पत्र्याची शेड. धूळ बसलेल्या गाड्या रांगेने उभ्या. मुराद हलक्या कामावर परतला होता, सुटे भाग पुसून ठेवत होता. चाळिशीचा, दाढी पांढुरकी झालेला. अश्लेषा त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि हिंदीत बोलू लागली. आपण कोण, हे तिने आधी सांगितलं. तक्रार लिहून घ्यायला आली असेल, असं वाटून तो सावरून बसला.

"लाल पट्टी देखी थी?" तिने विचारलं.

"रोज देखता था, बीबी."

"पढ़ी नहीं?"

"पढ़ी थी," तो म्हणाला. "बचपन में मौलवी साहब ने हुरूफ सिखाए थे. पढ़ लेता हूँ. मतलब नहीं आता."

अरबी अक्षरं त्याच्या ओळखीची होती, भाषा नव्हती. पट्टीवर काहीतरी धार्मिक किंवा गाडीचं नाव असेल, असं समजून तो तिच्याखाली काम करत राहिला होता. प्रशिक्षण इंग्रजीत झालं होतं आणि दुभाषा पहिल्या दिवसानंतर आलाच नव्हता. इतर मेकॅनिकांना विचारलं, तर बहुतेकांचं तेच.

दुसऱ्या दिवशी तिने पायदळ ब्रिगेडच्या मेजरची वेळ मागून घेतली. उंच, मोजकं बोलणारा, इंग्लंडमध्ये शिकलेला माणूस. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आमच्या सैन्याची भाषा अरबी आहे," तो म्हणाला. "मेकॅनिकांसाठी आम्ही ती बदलणार नाही."

"भाषा बदला असं मी म्हणत नाही. तिच्या शेजारी चित्रं आणि उर्दूची एक ओळ हवी. आणि प्रशिक्षण त्यांना कळेल अशा बोलीत."

"त्यांना अरबी वाचता येते. मी स्वतः ऐकलंय."

अश्लेषा म्हणाली, "माझ्याबरोबर एका गाडीपर्यंत येता का?"

या गाड्या पूर्वी डच सैन्यात असल्यामुळे काही जुन्या डच पाट्या अजून आत तशाच होत्या. मागचा दरवाजा उघडून तिने फरशीतल्या झाकणावरची पाटी दाखवली आणि वाचायची विनंती केली. मेजरने अक्षर न अक्षर नीट वाचलं, उच्चार इंग्रजी वळणाचा.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"ते मला कसं कळणार? मला डच येत नाही."

"यावर पाय ठेवू नका, असं लिहिलंय."

मेजरने खाली पाहिलं. त्याचा बूट झाकणाच्या कडेलाच होता. त्याने तो मागे घेतला.

"मुरादचं हेच झालं," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंत. चूक तुमची नाही."

त्याने झाकणावरची पाटी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाला, "तुमच्या चौकशीत मात्र चूक त्याची आहे, असं लिहिलंय."

"ते बदलून घेणं माझं काम. इथलं तुमचं."

परत आल्यावर ती येरूनसमोर बसली. त्याच्या स्वभावात आडपडदा नव्हता. ऐकलं ते पटल्यावर त्याने तसं तोंडावर सांगितलं. अहवालातलं वाक्य बदलायला मात्र कंपनीच्या वकिलांनी महिनेच्या महिने घेतले. अश्लेषा दर सोमवारी त्यांना फोन करायची. त्यांची सेक्रेटरी तिचा आवाज ओळखू लागली. अखेर 'मेकॅनिकने सूचना पाळली नाही' याच्या जागी 'सूचना मेकॅनिकला समजेल अशा भाषेत नव्हती' असं आलं. त्या एका वाक्यामुळे मुरादला जायबंदी जवानाचे हक्क मिळाले. कान मात्र परत आला नाही.

पायदळ ब्रिगेडच्या सगळ्या गाड्यांवर आता नवी पट्टी आहे: ठिणगीचं चित्र, बंद स्विचचं चित्र, खाली तीन भाषा. उर्दूची ओळ पाच-सहा मेकॅनिकांनी अश्लेषाबरोबर फोनवर बसून ठरवली. तिने सुचवलेला शब्द त्यांनी खोडला आणि वर्कशॉपमध्ये सगळे म्हणतात तो घातला. प्रशिक्षण मुराद देतो. इकडे येरूनच्या इंजिनिअरांनी दुरुस्तीच्या जागेवर असं झाकण बनवायला घेतलंय, की स्विच बंद केल्याशिवाय ते उघडणारच नाही. अश्लेषाला तेच खरं उत्तर वाटतं. पट्टी कधीतरी धुळीने झाकली जाणारच.

रणगाड्यांच्या ब्रिगेडचा कर्नल अजून तयार नाही. त्याच्याकडेही बलुची मेकॅनिक आहेत, तीच यंत्रणा आहे, आणि जुनीच लाल पट्टी. त्याने दोनदा भेट नाकारली. परवा मी तिच्या घरी गेले होते. अश्लेषा जेवणाच्या टेबलाशी बसून अरबी मुळाक्षरं गिरवत होती आणि ऋजुता तिची चूक दाखवत होती.

"कर्नलशी अरबीत बोलणार की काय?" मी विचारलं.

"बोलणं जमायला वर्षं जातील," ती मान वर न करता म्हणाली. "निदान त्याच्या दारावरची पाटी तरी वाचता येईल. सप्टेंबरमध्ये जातेय."

"त्याने भेट नाकारली तर?"

"बाहेर बसेन," ती म्हणाली आणि पुढचं अक्षर काढू लागली.