रेश्मानं फ्लेक्स उतरवला

रेश्मा ट्रॉलीवर चढून पेरूच्या छाटणीची कात्री फ्लेक्सच्या दोरीवर चालवत होती. खाली वरकुट्याचा अर्धा चौक गोळा झालेला. तिचा बाप दत्तोबा ट्रॉलीचा कठडा धरून उभा होता, अन् हे आपल्याला महागात पडणार, एवढं त्याला कळत होतं.

फ्लेक्स साखर कारखान्याचे संचालक आबासाहेब यांनी लावलेला. त्यांचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं, रेश्माचं भाकरीएवढं. वर ठळक अक्षरात, "अणू फोडून विश्वाच्या जन्माचा शोध लावणारी आपली लेक."

"सत्कार केलाय पोरी, शिवी न्हाय दिली!" आबासाहेब खालनं ओरडले.

"शिवीच हाय. मी ढेकूळबी फोडलं न्हाय. फोडणारी हजारो माणसं परदेशात हायत. मी हितं कागदावर गणित करती."

"एकच हाय ते!"

"तुमी कारखान्याच्या गेटवर उभं राहता, म्हंजी साखर तुमीच केली का?"

पोरं फिदीफिदी हसली. आबासाहेब लालबुंद.

रेश्मा पुण्यात पीएच.डी. करत होती. गणित कसलं, ते तिनं दत्तोबाला बागेत पेरू तोडताना सांगितलं होतं. शिशाचे अणुगर्भ जवळजवळ उजेडाच्या वेगानं एकमेकांवर आपटले, की त्यांचं वितळून जे होतं ते सूर्याच्या पोटापेक्षा गरम, तरी पाण्यासारखं वाहतं. त्याचं गणित सरळ सुटत न्हाय. मग एक दिशा वाढवून तेच कोडं कृष्णविवराचं करायचं, तिकडं सोडवायचं अन् उत्तर हिकडं आणायचं.

"म्हंजी आपली हीर आटली, तर शेजाऱ्याच्या हिरीवरनं पाईप ओढायचा," दत्तोबा म्हणाला होता.

"व्हय तात्या. पण चार वर्षं झाली, माझं पाणी अजून सरीत पोचलं न्हाय. प्रयोगातला आकडा येगळा, माझा येगळा."

अन् ह्यांनी थेट शोध छापला! दत्तोबाच्या मनात एकच. ह्याचा फोटो पुण्याला गेला, तिच्या सरांनी बघितला, तर दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवती म्हणून पोरीला हाकलून देतील. चार वर्षं मातीत.

आबासाहेब त्याच्या कानाशी आले. "दत्तोबा, तिला खाली घे. तुझ्या फडात ऊसतोडीची टोळी कधी घालायची, ते मी सांगतो. ठावं हाय न्हवं?"

दत्तोबाच्या उसाला तुरा आलेला, तोड लांबली की वजन घटणार. त्यानं आबासाहेबांकडं बघितलंबी न्हाय.

"रेश्मे," तो म्हणाला, "उजवीकडची दोरी राहिली."

फ्लेक्स धाडकन खाली आला.

टोळी आली मार्च संपताना. तवर ऊस वाळून चिपाड झालेला, वजन निम्म्यावर आलेलं. दत्तोबा कुणाला एका शब्दानं बोलला न्हाय. पोरीचं शिक्षण वाचलं, हेच तो धरून बसला.

मे महिन्यात तिचे सर वरकुट्याला जेवायला आले, तवा दत्तोबाला कळलं. फ्लेक्सचा फोटो रेश्मानंच त्यांना, तो उतरवायच्या आदल्या दिवशी धाडला होता. ते हसले होते. म्हणाले होते, "राहू दे गं. गावाला आनंद झालाय. इथं तुला कुणी काही म्हणणार नाही."