नानाच्या खाचरातली लावणी

परवा किकवीला एसटीची वाट बघत उभी होते. पलीकडच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. ढवळलेल्या चिखलाचा वास आला आणि गुंजवण्याचा आमचा शेजारी नाना आठवला. तोंडावर आम्ही त्याला ‘तुमी’ म्हणायचो, पण मनातून तेवढा मान कधी देता आला नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. आईने आणि मी दिवसभर त्याच्या खाचरात वाकून लावणी केली. तो छत्री धरून बांधावर बसला होता. काम संपल्यावर म्हणाला, “रोपं लई लांब लांब लावली. अर्धीच मजुरी मिळंल.”

“सकाळपासनं हितंच बसला हुता की. तवा का न्हाई बोलला?” आईने विचारलं.

“शेजारी म्हणून गप बसलो.”

आई परत चिखलात उतरली. “अर्धी मजुरी, तर अर्धीच लावणी,” म्हणत तिने रोपं उपटायला घेतली. दोन ओळी गेल्यावर नाना किंचाळला आणि त्याने सगळ्या नोटा बांधावर फेकल्या.

“उचला, आन हातात द्या,” आई म्हणाली.

पोट आडवं येत होतं, तरी तो वाकला.

रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. मला आईचीच लाज वाटली. “कशाला एवढा तमाशा?” असं मी तिला म्हणालेही.

नाना कोत्या मनाचा होता आणि तसाच मेला. पण आईच्या मजुरीवर शिकून तिलाच गप्प करू बघणारी ती मुलगी मला आज त्याच्याहून हलकी वाटते.