दोन सेकंद मागे

आबांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी ती डबी मी खिडकीतून काढलेली नाही. आबा म्हणजे माझे वडील. आठवडाभर शुगर फॅक्टरीत फिटर आणि रविवारी आमच्या चर्चचे पेटीवाले. कोल्हारच्या पुढच्या आमच्या गावात प्रत्येक गीत त्यांच्याच आवाजानं सुरू व्हायचं.

शेवटच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. चर्च आमच्या घरामागेच, मधे एक अंगण आणि लिंबाचं झाड. पण तेवढंही त्यांना चालवेना. कानही मंद झाले होते. चर्चची घंटा ऐकू यायची, गाणं नाही. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसायचे आणि मी एकटा उपासनेला जायचो. घरात आम्ही दोघंच. आई आधीच गेली होती, माझं लग्न राहून गेलं ते गेलंच.

मी घरूनच काम करतो. कधी न भेटलेल्या लोकांसाठी बारक्या चिपांचा नेटवर्कचा कोड लिहितो, म्हणजे एका यंत्राचं म्हणणं दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचवणारा अगदी तळाचा कोड. दिवसभर यंत्रांचं एकमेकांशी जुळवून द्यायचं आणि जेवताना आबांशी चार शब्द बोलायचे, तेही भाजीतल्या मिठाबद्दल.

एखाद्या शहाण्या माणसानं चर्चमध्ये मोबाईल लावून ठेवला असता. पण आबांना मोबाईल कानाशी धरायला आवडायचं नाही, आणि मला शहाणपणा कधी परवडलेला नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या कामाच्या दोन चिपा पडून होत्या. त्यांच्या मी दोन डब्या केल्या, एक चर्चमध्ये माईकशेजारी, दुसरी आबांच्या कानाजवळ खिडकीत.

त्या चिपेची मेमरी फारच तोकडी. आवाज येतो तसा ठेवला तर ती बघता बघता भरून जायची. म्हणून मी तो आवळून, म्हणजे दाबून लहान करून ठेवला. चर्चमधली डबी थोडा आवाज गोळा करायची, आवळायची, तुकडे करून पाठवायची. घरची डबी ते तुकडे जमवायची, वाटेत एखादा हरवला तर परत मागवायची, उलगडायची आणि मग वाजवायची. या सगळ्यात दोन सेकंद जात. पण आवाज काय स्वच्छ! एवढ्याशा जागेत मी एवढं बसवलं म्हणून स्वतःवरच खूश होतो.

पहिल्या रविवारी गीत संपलं. सगळे खाली बसले, पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले, आणि अंगणापलीकडून आबांचा आवाज आला. शेवटची ओळ, एकट्याची, खणखणीत. दोन-तीन जण हसले. माझे कान तापले.

घरी येऊन मी म्हणालो, "आबा, जरा हळू गात जा ना."

"बरं," म्हणाले.

पुढच्या रविवारी खिडकीतून काहीच आलं नाही. त्याच्या पुढच्याही. घरी आलो तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं. जन्मभर दुसऱ्यांना गायला लावणाऱ्या माणसाला मी गप्प केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"गात का नाही?" मी विचारलं.

"तुजी डबी मागं ऱ्हाती," ते म्हणाले. "घंटा खिडकीतनं आदी ऐकू येती, डबीतली मागनं येती. म्हंजी मी गातो तवा समदे बसल्यालं असत्यात."

"तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं?"

"व्हय. पन तू एवढं खपून केलं हुतंस."

मग मी त्यांना समजावलं. वेळेवर हवं तर आवळणं सोडावं लागेल. मेमरी सगळी त्यातच जाईल, हरवलेल्या तुकड्यांसाठी थांबायला जागा उरणार नाही. आवाज तुटेल, शब्द गळतील.

"गळू दे की," आबा म्हणाले. "गानी मला समदी पाठ हायेत. तू फकस्त ताल दे, शब्द माजे मी घालतो."

मी इतके दिवस शब्द जपत बसलो होतो, आणि तेही कुणासाठी!

कसोशीनं वाचवलेली मेमरी मी एका दुपारी उधळून टाकली. डबी भज्यांच्या कढईसारखी चरचरायला लागली. उपदेशातलं तर अवाक्षर कळेना. आबा म्हणाले, "चालंल. तवा मी डुलकी काढतो."

त्या रविवारी गीत संपलं आणि मी कान देऊन बसलो. अंगणापलीकडे शांत. परत गप्प बसले की काय? की काही झालं? मला धीर निघेना. प्रार्थना अर्धी टाकून मी घराकडे पळालो.

आबा पुस्तक उघडं ठेवून बसले होते, चेहरा घामेजलेला.

"बरोबर आलो का न्हाई?" त्यांनी विचारलं.

म्हणजे ते सगळ्यांबरोबर संपवून मोकळे झाले होते, म्हणून वेगळे ऐकू आले नव्हते.

"बरोबर आलात," मी म्हणालो.

"समद्यांचे आवाज वळखू आले," ते म्हणाले. "तुजा न्हाई आला."

"आवाज तुटतोय ना आबा."

"तसं न्हाई. तू गातच न्हाईस."

खरं होतं. आईला पोचवून आल्यापासून मी पुस्तक उघडून नुसता उभा राहायचो. शेजारी उभ्या राहणाऱ्यांनाही ते कधी कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माईकजवळ जाऊन उभा राहिलो आणि तोंड उघडलं. सूर सापडेना, ताल निसटला. शेवटच्या कडव्याला सगळे थांबले तेव्हा माझी अर्धी ओळ शिल्लक होती. ती मी एकट्यानं पुरी केली. मान वर करायची सोय नव्हती.

घरी आलो. मी ताटं वाढली, पाणी ठेवलं. पहिला घास घेतल्यावर आबा म्हणाले, "आला तुजा आवाज. लई मागं हुतास. पन आला."