नकाराचे पेढे

सारख्या किमतीच्या दोन वस्तू समोर आल्या, की त्यांतली घ्यायची कोणती हे ठरवण्याचा अधिकार परमेश्वराने आमच्या शेजारच्या शिवणाच्या बाईंना देऊन ठेवला होता, आणि निदान साताऱ्यात तरी त्यावर अपील नव्हतं. मी कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर बडवणारी, तेव्हा अपील म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मीही त्यांच्याच हाताखाली काजं करायला शिकले, म्हणजे शिकले नाहीच. माझ्या काजातून बटण सोडून सगळं जाई. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, एकट्याच, आणि महिनाभरात गल्लीतल्या कुणाच्या घरी एक पातेलंसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय येईनासं झालं. मिक्सर, पंखा, पोरीचं कॉलेज, मोतीबिंदूचा डॉक्टर, जावई, जिथे म्हणून मन दोन्हीकडे ओढ घेई तिथे बाई हजर. शाळेत त्यांचं मराठी निवडलेल्या तांदळासारखं असे. दुकानाची पायरी चढल्या, की मात्र म्हसवडकडचं गाव जिभेवर येई.

त्यांची पद्धत अशी, की वस्तूकडे त्या फारसं बघतच नसत. दुकानात जाऊन स्टूल मागायचं, पिशवीतली पाण्याची बाटली काढायची आणि बसायचं. गुण सांगून सांगून दुकानदाराच्या घशाला कोरड पडली, की बाटली त्याच्याच पुढे करून विचारायचं, "गुण कळलं. आता ह्यात वाईट काय हाय ते सांगा." बिचाऱ्याला जन्मात कुणी हे विचारलेलं नसे. मग तक्रार घेऊन कोण येतं आणि दुकानदार त्याच्याशी कसा बोलतो, हे बघायला त्या तिथेच ठाण मांडत. "वस्तू काय, आज ना उद्या बिघडणारच. बिघडल्यावर माणूस कसा वागतोय, ते घ्यायच्या आधी बघावं," असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या वहिनींच्या मिक्सरसाठी त्या एका दुकानात इतका वेळ बसल्या, की जेवायची वेळ झाल्यावर दुकानदाराने संकोचून आपल्या डब्यातली वांग्याची भाजी त्यांनाही वाढली. भाजी खाऊन, ती चांगली झाल्याचं सांगून, बाईंनी समोरच्या दुकानातला मिक्सर पसंत केला.

आता तुम्ही म्हणाल, अशा चिकट बायका गावोगाव असतात. असतात, पण खऱ्या बाई इथून पुढे सुरू होत. ज्याची वस्तू घेतली त्याला त्या 'येते' एवढंही म्हणत नसत. ज्याची घेतली नाही, त्याच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी पाव किलो कंदी पेढे घेऊन जात आणि नकार का दिला ते तोंडावर सांगत. "तुमचा मिक्सर चांगला, भाजीबी चांगली. पण ती म्हातारी झाकण बदलून मागत हुती, तवा तुमी पंख्याकडं बघत बसला." त्या पुड्याची बाजारात अशी दहशत बसली, की बाई पुडा घेऊन निघाल्या, की गल्ल्यावर बसलेले सगळे मनातल्या मनात देव आठवत. एक भांडीवाला तर सरळ पिंपामागे जाऊन बसला. बाईंनी पिंपाला उद्देशून त्याची खोट सांगितली आणि पेढे झाकणावर ठेवून आल्या. मोतीबिंदूच्या एका डॉक्टरांना त्यांनी "हात चांगला हाय, पण तुमची नर्स लय कावती" असं सुनावलं, तर पुढच्या खेपेला तीच नर्स म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेत होती. कारण बाईंचा न्याय पुरा होता. खोट सुधारली, की पुढच्या वेळी त्या आधी त्याच दुकानाची पायरी चढत.

पेढ्यांनी दगा दिला तो एकदाच, खंडाळ्याला. गल्लीतल्या एका मुलीला सारख्या पगाराची दोन स्थळं सांगून आली होती. बाईंनी त्यांतलं एक ठरवलं आणि दुसऱ्याला नकार द्यायला त्या पुडा घेऊन निघाल्या, सोबतीला मी. खंडाळ्याला बाईंची कीर्ती पोचलेली नव्हती. मुलीकडच्या बायका पेढे घेऊन दारात उभ्या म्हटल्यावर मुलाच्या आईने समजायचं तरी काय? तिने आमच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुडा फोडला आणि बाई "आवं, ऐका तर" म्हणेपर्यंत त्यांच्याच तोंडात पेढा कोंबला. चार पेढे शेजारी गेले. मुलगा लाजून आत पळाला. तोंडातला पेढा गिळून बाईंनी नकार कसा दिला हे मी नीट सांगू शकणार नाही, कारण मी तोवर चपला हुडकायला लागले होते. परतीच्या एसटीत बाईंनी बाटली काढून खिडकीबाहेर चूळ टाकली. मग म्हणाल्या, "हितनं फुडं आधी नकार, मग पेढे." तेव्हापासून तो नियमच झाला.

अशा बाईंच्या हातात मी माझा संसार दिला. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत वकिलांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. एक नाव चुकलं म्हणून अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागत नाही हे त्यांना कळलं आणि माझ्या शेडपुढची गर्दी ओसरली. मिस्टरांच्या कारखान्यात पाळ्या कमी झालेल्या, घर माझ्या बोटांवर चाललेलं. साठवलेलं आणि बँकेचं मिळून कसाबसा एक कॉम्प्युटर येणार होता. तो चुकला तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, आणि टाइपरायटरवर परत जावं तर गिऱ्हाईक नव्हतं. एक साताऱ्यात मिळत होता, एक सांगलीला, आणि किंमत म्हणाल तर सारखीच. पडदा दोन्हीकडे रंगीत, प्रिंटर दोन्हीकडे कर्कश. मला अन्न गोड लागेना. बाई म्हणाल्या, "मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई. चल."

साताऱ्याच्या दुकानात चपला बाहेर काढाव्या लागत, कारण कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही. आत गार हवा, टाय घातलेला मालक, आणि कॉम्प्युटरला बाळाला घालावं तसं झबलं. बाईंनी वाईट काय ते विचारलं. "मॅडम, वाईट काहीच नाही. एकदम बेस्ट!" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मनातल्या मनात सांगलीचं तिकीट काढलं. पण त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. दुपारी पतसंस्थेतला एक माणूस बंद पडलेलं खोकं घेऊन चपलांसकट आत शिरला आणि त्याने मालकाचा सात पिढ्यांसह उद्धार मांडला. मालकाने टाय खांद्यावर टाकला, फरशीवर मांडी घातली आणि म्हणाला, "तुम्ही बोला साहेब, मी तोवर उघडतो." आतून आणखी दोघं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावत आले. बाई बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि उठल्या.

सांगलीचं दुकान नुकत्याच इंजिनिअर झालेल्या एका तरुणाचं. चपला घालूनच या म्हणाला. वाईट काय, असं विचारल्यावर तर तो हरखलाच. "आवं बाई, लय हाय! लाइट गेली की केलेलं समदं जातंय. जोडाक्षरं प्रिंटरवर फुटत्यात. उंदरानं वायर खाल्ली तर गॅरंटी न्हाई!" त्याने मला मशीनवर बसवलं, एक अर्ज टाइप करायला लावला, आणि चुकलेलं नाव एका झटक्यात सगळीकडे दुरुस्त करून दाखवलं. मी मनाने तो विकत घेऊनही टाकला. तेवढ्यात त्याला कुठूनसा फोन आला. आम्हाला शेजारच्या रसवंतीच्या बाकावर बसवून, शटर ओढून, तो स्कूटरवरून मशीन जोडायला गेला. आम्ही दुपारभर रस पीत बसलो. अधूनमधून कुणी खोकं घेऊन येई, शटर वाजवी आणि निघून जाई.

"साताऱ्याचाच घे," बाई म्हणाल्या. मी भांडले. खरं बोलणारा सोडून टायवाला? बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरगं लय गुणाचं हाय. पण एकटं हाय गं. उद्या तुझं मशीन बंद पडलं तर कोर्टाची तारीख थांबती व्हय? दुपारी ज्याचं दुकान बंद, त्याच्यावर संसार टाकू नगंस." मी साताऱ्याचा घेतला. आणि लगेच बाई पेढे बांधून सांगलीला निघाल्या. एवढ्या लांब कशाला, एसटीडीवरून फोन करा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "नकार काय फोनवर देत्यात?" तिथे पुडा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून त्यांनी आधी नकार दिला, मग कारण दिलं, मग पेढा. पोराचं तोंड उतरलं, पण पेढा हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, 'कळवतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत सांगायला येतंय, हे मी पैल्यांदाच बघतोय. ठेवतो एक माणूस दुकानात."

सांगलीच्या स्टँडवर बसल्या बसल्या मी विचारलं, की बाई, हे सगळं कशासाठी? बाई पिशवीचे बंद गुंडाळत म्हणाल्या, "मला बघायला लय जणं आली गं. पोहे खाल्लं, दोरा ओवून दाखव म्हणाली, आन् कळवतो म्हणून गेली. एकानंबी कळवलं न्हाई. आमचं दादा, म्हंजे वडील, पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन हुबं ऱ्हायचं. न्हाई म्हणाली असती तर आत येऊन जेवलं तरी असतं." दुसरा बंद गुंडाळायला घेत म्हणाल्या, "का नको, तेबी कुणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर सुधारलं असतं काय तरी." त्या बाईत सुधारण्यासारखं काय होतं, ते मला आजवर सापडलेलं नाही.

मशीनने मला तारलं. बंद पडायचं तेव्हा पडलं, पण टायवाल्याचा माणूस दरवेळी तारखेच्या आत येऊन उभा राहिला. काम इतकं वाढलं, की मिस्टरही कारखाना सोडून शेडमध्ये प्रिंटर सांभाळायला बसले. मुलं शाळेत, आम्ही कोर्टासमोर, घराला दिवसभर कुलूप. दशक संपता संपता बाईंचे गुडघे गेले, आणि एकदा मोरीत घसरून पडल्या. त्यांची सांगलीची भाची म्हणाली, माझ्याकडे चल. आम्ही म्हटलं, आमच्याकडे या. पुढची खोली रिकामी करून, रंग देऊन ठेवली. आईनंतर मला इतकं हवंहवंसं माणूस दुसरं मिळालं नव्हतं. बाई म्हणाल्या, "बघते." आणि खरंच बघायला आल्या. एका कामाच्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी जावा कामाला. मी बसते." मग चार दिवस सांगलीला राहून आल्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी दार उघडलं, तर पायरीवर बाई, आणि हातात दोऱ्याने बांधलेला पुडा. बाजारातल्या माणसांना काय होत असेल ते मला तेव्हा कळलं. आमच्याकडेही पिंप होतं, पण मागे बसण्याइतकं मोठं नव्हतं. त्या दिवशी बाईंनी नियम मोडला. पुडा आधीच माझ्या हातात दिला आणि त्याच्या दोऱ्याची गाठ सोडायला लागल्या. शेवटी मीच म्हटलं, "बाई, आधी नकार, मग पेढे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "समदं चांगलं हाय गं तुमचं. जीव लावताय. पण तुमचं दुकान दुपारी बंद असतंय."

निकाल बरोबर होता. भाचीकडे दिवसभर घरात माणसं असत. मी रडत रडत पेढा खाल्ला, बाईंनाही भरवला. त्या भाचीकडे राहायला गेल्या, आणि त्या आठवड्यापासून मी दुपारी शेड मिस्टरांवर सोपवून घरी यायला लागले. दार सताड उघडं टाकते, पुढच्या खोलीत स्टूल मांडते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच शेजारी अर्ज तपासत बसते. मागच्या महिन्यात एसटीने सांगलीला जाऊन मी बाईंना तसं कळवून आले आहे.