सारवलेली भुई

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही जंगलाच्या कडेच्या एका महागड्या लॉजवर गेलो होतो. खोली म्हणजे हौसेनं बांधलेली मातीची झोपडी, आत एसी. सकाळी सफारीहून परतलो, तर एक बाई दारातली ओसरी शेणानं सारवत होत्या. ओल्या सारवणावर पाय द्यायचा नाही, म्हणून आम्ही बूट हातात घेऊन अंगणात थांबलो. त्यांच्या हाताखाली अर्धगोल एकात एक मिसळत होते.

बोलायचं म्हणून मी विचारलं, "घरीपण असंच सारवता का, मावशी?"

"नाही जी. जंगलासाठी गाव उठवलं आमचं. नव्या घरी फरशी हाये. सारवाले भुईच नाही राह्यली."

ह्यांनी कालच विचारलं होतं, "पैसे वसूल होतील ना गं?" मातीचा वास, शांतता, पाखरांचा आवाज, याच गोष्टींचे तर पैसे भरले होते आम्ही. त्याच गोष्टी आधी कुणाच्या तरी घरी फुकट होत्या, हे त्या चकचकीत माहितीपत्रकात कुठं होतं?

भुई वाळली. हात पुसत बाई बाजूला झाल्या आणि घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाल्या, "या आता आत."

माझा पाय काही उचलेना.